कोकराला लाकडी दात

३ एप्रिल १६३७, होर्न

आज आमचं जहाज पाण्यात उतरलं आणि मी सकाळपासून एका जागी बसलेले नाही. उतारावरून घसरताना ते असं काही करकरलं की बाबांनी माझा दंड गच्च धरला. नंतर म्हणाले, आफ्ये, तू पडशील म्हणून धरला. पडणार कोण होतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

जहाजाचं नाव 'कोकरू'. नाव आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पुढाऱ्यांनी ठेवलं, कारण निम्मे हिस्से मंडळीतल्याच लोकांचे. उरलेल्या निम्म्यात रायरचं आणि माझं होतं नव्हतं ते सगळं गेलंय. वाटेतल्या सामुद्रधुनीवर डेनमार्कचा राजा डेकची रुंदी मोजून जकात घेतो, म्हणून वर चिंचोळा डेक आणि खाली हे एवढं पोट. कोकरू कसलं, पोटुशी मेंढी आहे. पण मला इतकी आवडली की तिच्या नाकाला हात लावायला मी गुडघाभर चिखलात शिरले.

रायर आता तांडेल झाला. आनंद झाला का, ते चेहऱ्यावरून कळायला मार्ग नाही. 'चांगलं उतरलं,' एवढंच म्हणाला. लग्नाला दोन महिने झाले, पण माझा नवरा आहे म्हणजे लाकडाचा ओंडकाच. मात्र पहिल्या फेरीला मला बरोबर ने म्हटल्यावर एका झटक्यात हो म्हणाला. स्वयंपाकाला माणूस हवंच होतं, म्हणून असेल.

९ एप्रिल

आनंदावर विरजण पडलं. गेर्ब्रांट तांडेल घरी आला होता. डांझिगला धान्य भरायला जाणारी जहाजं यंदा एकत्र निघणार आहेत आणि काफिल्याचा म्होरक्या म्हणून सगळ्यांनी त्याला निवडलंय. दोन मग बिअर प्यायला, रायरच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "तू माणूस सोन्यासारखा आहेस रे, पण तुझं जहाज म्हणजे शिंगं नसलेली गाय. डंकर्कचे चाचे आधी तुझ्यावरच धावून येणार आणि तुला सोडवायला मला माघारी फिरावं लागणार. तोफा चढव, नाहीतर एकटा जा."

एकटं जाणं म्हणजे संकटाला आवतणच. आमचा सुकाणूवाला टीबे डंकर्कच्या तळघरात एक हिवाळा काढून आलाय. खंडणी पोचेपर्यंत पाण्यात पाय सोडून बसवलं होतं म्हणे. माराने बहिरा झालेला त्याचा उजवा कान अजून उघडलेला नाही.

आणि तोफा चढवल्या तर मंडळी वाळीत टाकणार. आम्ही मेनोच्या पंथाचे. शस्त्र धरायचं नाही, शपथ घ्यायची नाही, खोटं बोलायचं नाही. लहानपणी शेजारच्या काकूंना मी पाहिलंय. त्यांचा नवरा वाळीत पडला होता. मंडळीचा नियमच तसा, घरच्यांनीसुद्धा वाळीत पडलेल्याबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, नवराबायकोने एका अंथरुणात निजायचं नाही. काकू त्याची ताटली जिन्याच्या पायरीवर ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या.

मला ते जमणार नाही. रायर जेवताना एक अक्षर बोलत नाही, तरी तो समोर नसला तर मला घास गिळवणार नाही. हे त्याला सांगितलं नाही. तो पावाचा तुकडा हातात धरून कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसला होता. पाव शिळा झालाय हे मलाही ठाऊक होतं.

११ एप्रिल

सुचलं.

बाबा जहाजांचे पंप करतात. एल्मचे लांब ओंडके आतून आरपार पोखरायचे, की झाला पंप. दुपारी त्यांचं जेवण घेऊन गेले, तर कारखान्याच्या दारात तसले ओंडके ओळीने पडलेले, सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. हातातलं भांडं तिथेच ठेवलं आणि हसत सुटले. काजळी, जवसाचं तेल आणि वर थोडं डांबर फासलं तर लांबून कुठल्याही गोलंदाजाला तोफच वाटेल.

बाबांनी डोकं खाजवलं. "मी पंपच करून देतो बाई. तुम्ही त्याला काळं फासा नाहीतर पिवळं, मला काय त्याचं?"

रायरला ओढत आणलं. त्याने एका ओंडक्याच्या तोंडात हात घालून पाहिला. "मंडळीत मामांना विचारायला हवं," म्हणाला. मी म्हटलं, विचारायलाच हवं का? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी चूल पाण्यात ठेवायला सांगितली.

१६ एप्रिल

जिंकलो. अजून माझे कान गरम आहेत.

वाउटर मामा, म्हणजे आईचे भाऊ, मंडळीचे मुख्य पुढारी. त्यांनी सगळ्यांसमोर रायरला विचारलं, "लाकडाची तोफ कुणाला मारू शकत नाही हे कबूल. पण ती खोटं बोलते त्याचं काय?"

रायर उभा. उभा तो उभाच. त्याच्या मौनाची मला सवय आहे, मंडळीला नाही. बायकांनी बोलायचं नसतं, पण मागच्या बाकावरून माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, तुमच्या वाटाण्याच्या वाफ्यात बुजगावणं उभं आहे. अंगात तुमचाच जुना कोट आहे. ते खोटं बोलतं का?"

माना वळल्या. कुणीतरी खोकल्याआड हसलं. मामांनी दाढीवरून हात फिरवला. "पाखरांनी मला विचारलं तर मी त्यांना खरं सांगेन," म्हणाले.

मग त्यावरच ठरलं. तोफा न्या, पण कुणीही विचारलं तर खरं सांगायचं. तोंडाने असो की आणखी कशाने, कुणाला फसवलंत तर वाळीत. रायरने मान डोलवली. मीही डोलवली. समुद्रात कोण कुणाला विचारायला बसलंय?

२४ एप्रिल, फ्लीलँडचा नांगरतळ

वाऱ्याची वाट बघत सगळी जहाजं इथे जमलीत. डेकवर दोन्ही अंगांना आमच्या चार-चार तोफा इतक्या झोकात उभ्या आहेत की मी सारखी काहीतरी काम काढून वर येते.

गेर्ब्रांट पाहणीला आला. तोफांच्या कडेने चालत गेला, एकीवर टकटक करायला हात उचलला आणि तसाच मागे घेतला. "रायर, मी तुला काही विचारत नाही, कळलं? आणि मी विचारत नसताना तू आपणहून काही सांगायचं नाहीस."

"विचारलं नाहीत तर कशाला सांगू?" रायर म्हणाला.

"वैताग आहेत हे लोक," असं पुटपुटत गेर्ब्रांट शिडीवरून उतरला. खाली होडीत बसल्यावर तो पोट धरून हसत होता, मी वाकून पाहिलं.

२८ एप्रिल, समुद्रात

पहिला दिवस बादलीत तोंड घालून काढला. दुसऱ्या दिवशी अशी भूक लागली की दोन खारवलेले हेरिंग मासे आणि वर ताकातली सातूची लापशी खाल्ली. आता मला कुणी जमिनीवर परत नेऊ नये असं वाटतंय. पुढे-मागे आपल्याच लोकांची शिडं, वारा पाठीशी, आणि खलाशी मला वहिनी म्हणतात.

त्यांना बजावून ठेवलंय की तोफांवर मोजे वाळत घालायचे नाहीत, दुर्बिणीतून दिसतात. टीबे म्हणाला, "वहिनी, गोलंदाज तर तुम्हीच. आम्ही नुसते मोजेवाले."

रायरशी एकदाच वाजलं. केबिनमधली बाहेरच्या बाजूची जागा त्याने स्वतःला घेतली आणि मला आतली कोंदट कड दिली. विचारलं तर म्हणतो, बाहेरच्या बाजूला पाणी गळतं. मग गळतं तिथे हा का निजतो? रोज सकाळी उठतो तो चिंब भिजून. हट्टी आहे, दुसरं काय.

१ मे

धुकं. आमच्याच जहाजाच्या पुढच्या टोकावरचा माणूस दिसत नाही. सकाळी गेर्ब्रांटच्या जहाजाची घंटा ऐकू येत होती, दुपारनंतर तीही येईना. टीबे डावा कान वाऱ्याकडे करून बसलाय. कुणी मोठ्याने बोलत नाही. मला भीती वाटत नाही असं लिहिणार होते, पण वाटते.

२ मे

अक्षर कसंही येईल, येऊ दे.

सकाळी धुकं फाटलं. काफिल्याचं नाव नाही, आणि उजव्या अंगाला एक सडपातळ जहाज. त्याच्या निशाणावर तांबडी वाकडीतिकडी फुली. टीबेने ती पाहिली आणि मटकन खालीच बसला. "डंकर्क," म्हणाला.

आधी ते लांबून आमच्या भोवती फिरलं. आमच्या तोफा बघत होतं. मला वाटलं, बघ बाबा, पोटभर बघ आणि जा. पण ते जवळ येत गेलं, हाक ऐकू येईल इतकं. त्यांच्या तांडेलाने कर्णा तोंडाला लावला. बोली जवळजवळ आपलीच, जरा फ्लेमिश हेल.

"ए लोणीखाऊ! तोफा किती तुझ्याकडे?"

टीबेने रायरची बाही धरली. "तांडेल, गप्प राहा. खोटं बोलू नका, नुसते गप्प राहा. तुम्हाला तर जमतं ते."

"त्याने विचारलंय, टीबे," रायर म्हणाला. चेहरा पांढराफटक. मग दोन्ही हात तोंडाशी धरून, आयुष्यात कधी ऐकला नाही असा मोठा आवाज काढून ओरडला, "एकही नाही! या लाकडाच्या आहेत!"

पलीकडे कुजबुज. मग हसणं.

"आणि दारू?"

"बिअर आहे. तोफेची दारू नाही!"

"मग शिडं उतरवून शरण का येत नाहीस रे शहाण्या?"

रायरने क्षणभर विचार केला. खरंच विचार केला. "वारा चांगला आहे!" म्हणाला.

मी खाली वाटाणे शिजत टाकले होते. पुढचं मी ठरवून केलं की कसं, आता मलाच सांगता येत नाही. डांबर लावलेला दोरीचा तुकडा चुलीत खुपसला, तो धगधगायला लागल्यावर जिना चढून वर गेले आणि पहिल्या तोफेच्या मागे जाऊन उभी राहिले. बत्ती द्यायला गोलंदाज पलिता धरतो, तसा धरला. मी एक शब्द बोलले नाही. नुसती पलित्यावर फुंकर मारली आणि त्या फुलीवाल्या जहाजाकडे बघून हसले. हसू कुठून आलं देव जाणे, पण आलं.

हसणं थांबलं तिकडचं. त्यांचा तांडेल एकदा रायरकडे बघे, एकदा माझ्याकडे. पाण्यावरून त्यांच्यातल्या एकाचा आवाज स्पष्ट आला, "अरे, हा आपल्याला जवळ बोलावतोय. खरंच लाकडाच्या असत्या तर कुणी असं बोंबलून सांगेल का?"

"खरंच लाकडाच्या आहेत!" रायर जीव तोडून ओरडला.

त्याबरोबर त्यांनी सुकाणू फिरवलं. वळताना त्यांची शिडं फडफडली, आणि ते लांब लांब गेले.

रायर मात्र ऐन वेळी सरकून माझ्या आणि त्या जहाजाच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला होता. मला काही दिसेना म्हणून कोपराने ढकललं, तरी हलला नाही. तसाच पाठ करून उभा.

मग काय विचारता. खलाशांनी टोप्या उडवल्या, टीबेने माझे दोन्ही हात धरून मला गरगर फिरवलं. वाटाणे करपले होते, सगळ्यांनी करपलेले खाल्ले, कुणी हूं की चूं केलं नाही. माझं बोट डांबराने भाजलंय. रायरने त्यावर लोणी लावलं, फडकं बांधलं आणि म्हणाला, "दोरी लांब धरायची." बायकोने जहाज वाचवलं त्याची ही शाबासकी.

३ मे

काफिला सापडला. हकीकत ऐकून गेर्ब्रांट हसता हसता डेकवर बसला. जहाजाजहाजांवर बातमी गेली आहे आणि लोक मला बघून टोपी काढतात. मी फार मोठी माणूस झाले आहे.

संध्याकाळी रायरला विचारलं, "मामांना सांगणार?"

"विचारलं तर."

"पलित्याचंही?"

त्याने माझ्या बोटाचं फडकं पुन्हा घट्ट बांधलं. "विचारलं तर," म्हणाला. त्याचा आवाज बसलाय, काल ओरडल्यामुळे असेल.

२० मे, डांझिग

राय धान्याने 'कोकरू' गळ्यापर्यंत भरलं. इथला पाव आपल्यापेक्षा आंबट. रायरने माझ्यासाठी पिवळ्या अंबरचा मणी आणला. आमच्यात दागिना घालत नाहीत, म्हटलं. "घालू नकोस, ठेव," म्हणाला. काहीही आणतो.

२७ जून, होर्न

तीन दिवसांपूर्वी जहाज बंदरात लागलं तेव्हा धक्क्यावर अर्धं गाव होतं. आज मंडळी बसली.

मामांनी विचारलं, "तो समोर आला, त्याने विचारलं, तेव्हा तू खरं सांगितलंस?"

"सांगितलं," रायर म्हणाला.

"त्याला ऐकू गेलं?"

"गेलं. हसला."

सगळ्यांना बरं वाटलं. मामांचाही चेहरा उजळला. तिथेच थांबायचं होतं, पण मामाही रायरच्याच मातीचे. "मग तो गेला कसा?"

मी डोळे मिटले. म्हण, देवाची कृपा झाली. ते काही खोटं नाही. म्हण आणि बस खाली.

"तोफेपाशी पेटता पलिता घेऊन कुणीतरी उभं होतं," रायर म्हणाला.

"कोण?"

त्याचे बूट फळ्यांवर मागेपुढे करकरले. "माझी बायको."

मला पुढे बोलावलं. इतक्या माणसांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते. मामा हळू आवाजात बोलत होते. "आफ्ये, पोरी, त्या माणसाला फसवावं असं तुझ्या मनात होतं?"

"होतं, मामा."

"त्याचा पश्चात्ताप होतो ना?"

असे बघत होते माझ्याकडे, जणू उत्तर स्वतःच्या हाताने माझ्या तोंडात घालतील. एक 'हो' म्हटलं असतं की सुटले असते. मलाही तेच म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि डोळ्यांसमोर आला टीबे, डेकवर मटकन बसलेला. आणि रायर, तळघरात, पाण्यात पाय सोडून.

"नाही," मी म्हटलं. "पुन्हा वेळ आली तर पुन्हा करेन."

मामांनी डोळे पुसले आणि मग निकाल दिला. पश्चात्ताप होईपर्यंत वाळीत. टेबल वेगळं, अंथरूण वेगळं.

बाहेर पडताना बाबा म्हणाले, "आणि तू रायरला लाकडाचा ओंडका म्हणतेस." काय म्हणायचं होतं त्यांना कोण जाणे.

२८ जून

चुलीपाशी उभ्या उभ्या जेवले. रायर टेबलाशी बसला, समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिला आणि न जेवताच उठला. मी माळ्यावर निजते. मला त्याचा राग आलाय, असा राग की काय सांगू. त्या चाच्याशी खरं बोलला ते ठीक, पण मामांसमोर माझं नाव घ्यायला जीभ कशी वळली याची? आणि तरी खाली तो कूस बदलतो तेव्हा प्रत्येक वेळी मला कळतं. जमणार नाही म्हटलं होतं ना, ते हे. जमत नाहीये.

३० जून

सकाळी करवतीच्या आवाजाने जाग आली. माळ्यावरून उतरले तर रायर बाबांची मोठी करवत घेऊन आमचं जेवणाचं टेबल मधोमध कापत होता. मामांनीच लग्नात दिलेलं, चांगलं ओकचं. मला वाटलं, याचं डोकं फिरलं. बाबा शेजारी बसून निमूटपणे नवे पाय तासत होते.

दुपारपर्यंत एका टेबलाची दोन झाली. रायरने दोन्ही शेजारी शेजारी मांडली. मध्ये बोटभर फट ठेवली, आणि ती सगळीकडे सारखी आहे ना ते वाकून वाकून तपासलं.

"हे माझं टेबल," म्हणाला. "हे तुझं."

मी फटीत बोट घालून पाहिलं. "मामा विचारतील."

"विचारू दे. एका टेबलावर जेवता का? नाही."

माझा नवरा, ज्याने चाच्याला तोफा लाकडाच्या आहेत हे ओरडून सांगितलं, त्याने हे डोकं चालवलं. मी हसायला लागले आणि हसता हसता रडले, आणि तो घाबरून म्हणाला की फट हवी तर आणखी कमी करता येईल. मग आम्ही बसलो, समोरासमोर, तो त्याच्या टेबलाशी आणि मी माझ्या. वाटाणे होते, न करपलेले. त्याने त्याच्या टेबलावरचं लोणी माझ्या टेबलावर सरकवलं. दोन दिवसांनी मला पहिल्यांदा घास नीट गिळवला. या माणसावर माझं किती प्रेम आहे ते मी त्याला तिथेच, तोंडावर सांगितलं. त्याचे कान लाल झाले. "चांगलं आहे," म्हणाला.

आता भांडी घासून वळले, तर तो करवत बगलेत धरून दोरीने पलंगाची रुंदी मोजतोय.